हळद लागलेलं पिल्लू

बाय कुणालाही 'कसे आहात' असं विचारत नसत. त्या 'काय खाल्लंस?' असं विचारत. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस असो, शेजारच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेली सून असो, नाहीतर कामावरून दमून आलेला माझ्यासारखा भाडेकरू असो, जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी प्रत्येकाला हा प्रश्न होता. नुसतं 'जेवलो' म्हणून सुटका व्हायची नाही. काय जेवलो, कशाबरोबर आणि कुणी केलेलं, हे तिन्ही सांगावं लागे. "पोटात काय गेला त्ये पयला सांग, बाकीचा मंग," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आम्ही शाकाहारी असल्यामुळे आमची उत्तरं त्यांना फार काळ पुरत नसत. मी 'मुगाची आमटी आणि भात' म्हटलं की त्या माझ्याकडे नुकत्याच तापातून उठलेल्या माणसाकडे बघावं तशा बघायच्या.

बाय आता नाहीत. खाडीकाठच्या बोनकोडे गावात त्यांच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो, मी, माझी बायको सुनंदा आणि मुलगी सई. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. मी एका कारखान्यात हिशेब तपासायचं काम करतो. त्यामुळे जे मोजलेलं नाही ते सांगायचं नाही अशी सवय आहे, आणि बायंबद्दल लिहितानाही ती मोडणार नाही. त्यांचं वय किती होतं ते मला माहीत नाही. त्यांनाही नव्हतं. खाडीत भराव पडायच्या आधी आपण लग्न होऊन आलो, एवढं त्या खात्रीनं सांगत. नवरा लवकर गेला. बायंनी टोपलीतून मासळी विकून दोन मुलगे वाढवले, आणि पुढे गावठाणातल्या जागेवर तीन मजली घर उभं राहिलं. थोरला मंगेश टेम्पो चालवायचा. धाकटा हरेश न्हावा शेवाच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. सगळी आळी त्यांना बाय म्हणे, म्हणून आम्हीही बायच म्हणू लागलो.

त्यांच्या घराला आणि शेजारच्या घराला मिळून जो अरुंद बोळ होता, तिथे बायंच्या कोंबड्या असत. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले, वर केबलच्या तारा, आणि खाली मातीत उकरणाऱ्या गावठी कोंबड्या. पहिल्यांदा येणारा पाहुणा हे बघून थबकायचा. बाय त्यांच्याशी माणसांशी बोलावं तशा बोलत, म्हणजे बहुतेक वेळा रागावून. "तुमच्या त्या मोठ्या सोसायटीत कोंबरा आरवला तर नोटीस लावतील," असं त्या आम्हाला सुनवायच्या. आम्ही त्या वेळी करंजाड्याला फ्लॅट बुक केला होता, त्याच्यावर हा टोमणा असे.

हे सगळं नीट चाललं होतं, आणि मग हरेशनं माळ घातली.

यार्डातल्या एका मित्राबरोबर तो भजनाला जाऊ लागला होता. एक दिवस तुळशीची माळ गळ्यात घालून घरी आला आणि म्हणाला, "आये, आजपासून मी मच्छी-मटन खाणार नाय." बाय तेव्हा जवळा निवडत बसल्या होत्या. त्यांना आधी थट्टा वाटली. थट्टा नाही हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मंग खानार काय? गलाची माल?" हरेश शांत स्वभावाचा मुलगा. त्यानं उलट उत्तर दिलं नाही. पण मासळीच्या भांड्यातलं चालणार नाही, एवढं मात्र त्यानं सांगितलं, आणि त्या घरात मासळी न शिजलेलं एकही भांडं नव्हतं.

थोडे दिवस तो बाहेर कुठेतरी खाऊन यायचा. मग त्याचं पोट बिघडलं. सुनंदानं त्याला जिन्यात गाठलं आणि म्हणाली, "बाहेरचं खायचं बंद कर. आमच्याकडे जेवत जा. तिघांचं होतं तिथे चौघांचं होईल." तेव्हापासून हरेश रात्रीचा आमच्याकडे जेवू लागला. आम्हाला त्याचं ओझं झालं नाही. तो जेवून झालं की स्वतःचं ताट घासून ठेवायचा, सईला गणितं सोडवायला मदत करायचा. पण ज्या बाईनं साऱ्या गावाला 'काय खाल्लंस' विचारण्यात आयुष्य घालवलं, तिचा मुलगा तिच्याच घरात वरच्या मजल्यावर भाडेकरूंकडे जेवतो, हे आळीला कळायला वेळ लागला नाही. बायंना ते फार लागलं. त्यांनी हरेशचं नाव घेणं सोडलं. तो समोर आला की म्हणायच्या, "आले बुवा! सरा बाजूला, बुवांना वाट द्या, आपली सावली परंल." तो मान खाली घालून वर यायचा.

आणि तो कामावर गेला की बाय हळूच जिना चढून आमच्या दारात उभ्या.

"सुनंदा, काल काय केलता?"

"पिठलं आणि भाकरी."

"किती खाल्लान?"

"बाय, तुमचा मुलगा आहे. त्यालाच विचारा ना."

"त्याला कशाला इचारू? जेवतो तुज्याकडं, तर तुला इचारते. डाल आंबट करत जा थोडी. त्याला आंबट लागते."

हे जवळपास रोजचं होतं. तो नसला की चौकशी, तो आला की टोमणा. सुनंदा मला म्हणायची, "या बाई दोन आहेत की काय?"

त्याच सुमारास मंगेशचं लग्न ठरलं. आगरी लग्नातली हळद ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एवढंच समजावं की लग्नाला आला नाहीत तरी चालेल, हळदीला आलाच पाहिजे, असं ते लोक बजावून सांगतात. दारात मांडव उभा राहिला, बँड आला, लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीण येऊन बसली. तेलात कालवलेली हळद पातेल्यात भरून ठेवली होती. बायंचा त्या दिवशी एक हट्ट होता. घरातलं काहीही कोरं राहता कामा नये. नवऱ्या मुलाला हळद लागली, पाहुण्यांना लागली, मग बाय भरल्या हातांनी घरभर फिरल्या. उंबरठा, जातं, टेम्पोचं बॉनेट, आमचं दार, माझं कपाळ, सगळं पिवळं झालं. हरेश मांडवाच्या खांबाशी उभा होता. त्याच्यापाशी येऊन त्या क्षणभर थांबल्या, आणि त्याच्या गालांना हळद न लावता फक्त खांबाला लावून पुढे गेल्या. मी तिथेच होतो, म्हणून सांगू शकतो.

मग त्या बोळात गेल्या. काळी नावाची त्यांची कोंबडी अकरा अंड्यांवर बसली होती आणि नऊ पिल्लं निघाली होती. एक घारीनं नेलं होतं. उरलेली आठ आईसारखीच काळपट, तपकिरी. बायंनी त्यातलं एक उचललं आणि "तू पन घरातलाच ना रं!" म्हणत दोन्ही हातांत धरून त्याला मनसोक्त हळद माखली. बँडवाले थांबून हसले. पिल्लू पिवळंधमक होऊन धडपडत आईकडे पळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळातून बायंचा आरडाओरडा ऐकू आला. मी खाली गेलो. काळी आपल्या सात पिल्लांना घेऊन दाणे टिपत होती, आणि ते पिवळं पिल्लू जवळ आलं की मान ताणून त्याच्या डोक्यात चोच मारत होती. पिल्लू मागे व्हायचं, पुन्हा यायचं, पुन्हा मार खायचं. त्याच्या डोक्यावर रक्ताचा ठिपका दिसत होता.

"अगो, तुजाच हाय तो!" बाय कोंबडीला ओरडत होत्या. "हलद लागलीय नुसती! लग्न हाय घरात!"

कोंबडीला लग्नाशी काही देणंघेणं नव्हतं.

बायंना मांडवातली कामं खोळंबली होती, म्हणून मी म्हटलं, मी पिल्लू धुऊन आणतो. मला ते अगदी सरळ काम वाटलं. रंग लागल्यामुळे गोंधळ झाला असेल तर रंग काढला की झालं. मी कोमट पाणी घेतलं, कपड्यांच्या साबणाचा थोडा फेस केला आणि पिल्लू हळुवार हातानं चोळलं. बघता बघता पिवळं पिल्लू लालभडक झालं. शेजारी उभी असलेली सई म्हणाली, "बाबा, हळदीला साबण लागला की ती लाल होते. आम्ही शाळेत करून बघितलंय." मी म्हटलं, "मग आधी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

बायंनी ते लाल पिल्लू बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "भाऊ, तुमच्या लग्नात हलद लागली व्हती का नाय तुमाला? का तशेच उभे राहिलात?" मग स्वतःच खाली बसून हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी पिल्लाला पदरात गुंडाळलं आणि कोरडं होईपर्यंत पोटाशी धरून ठेवलं. "चुकी माजीच," असं हसू ओसरल्यावर म्हणाल्या. "मी रंगवला. यो बिचारा कसा बोलंल की मी तोच हाय?"

पिल्लू वाचवायचं म्हणून बायंनी मासळी ठेवायचा जुना प्लास्टिकचा क्रेट काढला. त्याला बाजूनं भोकं असतात. क्रेट त्यांनी बोळात काळीच्या जवळ पालथा घातला आणि पिल्लू आत ठेवलं, म्हणजे ते आईच्या नजरेसमोर राहील पण मार बसणार नाही. काळी मधूनच क्रेटपाशी येई, आत डोकावे आणि भोकातून चोच मारायला बघे. मग मांजराच्या भीतीनं बायंनी क्रेटवर गोणपाट टाकलं. पिल्लू अंधारात पडलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडू लागलं.

आणि तीच काळी दाणे सोडून धावत आली. पंख पसरून, कुक् कुक् करत क्रेटभोवती फिरू लागली. गोणपाट ओढू लागली. आपलं पिल्लू हरवलंय आणि ते इथेच कुठेतरी रडतंय, एवढं तिला स्पष्ट कळत होतं.

बायंनी गोणपाट उचललं. काळीनं आत बघितलं आणि चोच मारली. बायंनी गोणपाट टाकलं. काळी पुन्हा कासावीस.

"येडी!" बाय मला म्हणाल्या. "बघा, बघा भाऊ. आवाज कलतो तिला, तोंड नाय कलत." त्यांनी पुन्हा गोणपाट उचललं, पुन्हा टाकलं. पहिल्या दोन वेळा त्या हसत होत्या. नंतर हसणं थांबलं. गोणपाटाचं टोक हातात धरून त्या तशाच उकिडव्या बसून राहिल्या.

सुनंदा वरच्या गॅलरीतून बघत होती. ती काहीतरी बोलायला वाकली तर बायंनी वर न बघताच हात केला. "बोलू नको. मना माहीत हाय तू काय बोलनार हायेस."

त्यानंतर बायंचे टोमणे कमी झाले. बंद झाले असं म्हणणार नाही. हरेशला 'बुवा' म्हणणं चालूच राहिलं, पण त्यातली धार गेली होती. तरी तो जेवायला वरच येत होता आणि बाय खाली एकट्या जेवत होत्या. मंगेश आणि त्याची बायको पहिल्या मजल्यावर वेगळे राहू लागले होते. या सगळ्यावर काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं, आणि सुचवायचा आम्हाला काय हक्क, असं मला वाटे.

मग आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. मी बायंना सांगायला खाली गेलो, सुनंदाही बरोबर होती. घर सोडणार म्हटल्यावर त्या रीतीप्रमाणे 'बरा झाला, सोताचा घर झाला' म्हणाल्या. मग सुनंदाकडे वळल्या.

"मंग तो कुटं जेवनार?"

एवढ्या दिवसांत त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा उघड विचारला. सुनंदा म्हणाली, "घरात जेवेल. तुमच्याकडे."

"माज्याकडं तो खात नाय."

"बाय, तुम्ही त्याला एकदा तरी काही करून वाढलंत का? माळ घातल्यापासून?"

मला वाटलं आता बाय चिडणार. त्या चिडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मना येत नाय गो. बिना मासलीचा मना काय पन येत नाय. माज्या आयनी तेवराच शिकवला. कोलंबी नाय, बोंबील नाय, निवटी नाय, तर माज्याकडं त्याला द्यायला हाय काय?"

आम्ही दोघं इतके दिवस समजत होतो की त्या रागावल्या आहेत. सुनंदानं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "उद्या वर या. माझ्या भांड्यांत करा. त्याला सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाय आंघोळ करून, लिंबाची फोड हातांना चोळून वर आल्या. सुनंदा त्यांना आमटीचं शिकवणार होती, पण पाचच मिनिटांत तिचं काही चालेना. बाय तुरीची डाळ बघून म्हणाल्या, "यो पिवला पानी मी करनार नाय." त्यांनी खोबरं मागितलं, लसूण मागितला, खाली जाऊन न उघडलेल्या बरणीतला आपला मसाला आणला, कैरीच्या फोडी केल्या. आणि आयुष्यभर जसं मासळीचं कालवण केलं तसंच कालवण केलं. फक्त मासळीच्या जागी शेवग्याच्या शेंगा आणि बटाटा. शेंग कालवणात सोडताना त्या सवयीनं म्हणाल्या, "आता ढवलू नको, मोरंल." मग स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच हसल्या. शेंग कशाला मोडते!

हरेश यायच्या वेळी त्या जिन्याच्या वळणावर जाऊन बसल्या. तिथून आमचं जेवायचं टेबल दिसत नाही, बोलणं मात्र ऐकू येतं.

हरेशनं भात कालवला, पहिला घास घेतला आणि त्याचा हात ताटातच राहिला. त्यानं सुनंदाकडे बघितलं.

"काकी, हे तुमचं नाय."

"का? बरं नाही झालं?" सुनंदानं विचारलं. ती खोटं बोलण्यात फार वाईट आहे.

हरेशनं दुसरा घास घेतला. खाली मान घालून जेवत राहिला. एकदा भात मागितला, मग पुन्हा मागितला. सई त्याच्याकडे टक लावून बघत होती म्हणून मी तिला खुणेनं दटावलं. ताट पुसून स्वच्छ केल्यावर हरेशनं दाराच्या दिशेला तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाला,

"आये, मीठ कमी हाय!"

वळणावरून तत्काळ उत्तर आलं, "तूच बोललास ना जास्त मीठ बरा नाय म्हनून! का बुवांनी आता मिठाला परवानगी दिली?"

आणि बाय वर आल्या. डोळे पुसत आल्या की हसत आल्या, ते मला नक्की सांगता येणार नाही. दोन्ही असावं. त्यांनी पातेल्यात उरलेलं कालवण बघितलं आणि आमच्या ताटांकडे बोट करून म्हणाल्या, "तुमी खाल्ला का? का त्यानीच सगला संपवला?"

आम्ही घर सोडायच्या आत बायंच्या स्वयंपाकघरात दुसरी शेगडी आली. एका बाजूला मासळी, दुसऱ्या बाजूला हरेशचं. मध्ये त्यांनी पोळपाट उभा करून ठेवला होता. पहिल्या आठवड्यातच मासळीची पळी चुकून हरेशच्या भाजीत गेली. कुणी पाहिलं नव्हतं. बायंनी सगळी भाजी गाईला घातली, भांडं घासलं आणि पहिल्यापासून पुन्हा केली. करताना मात्र हरेशला, त्याच्या माळेला आणि त्याला भजनाला नेणाऱ्या मित्राला त्यांनी इतक्या शिव्या घातल्या की आम्हाला वरपर्यंत ऐकू आल्या. हरेश दारात बसून लसूण सोलत होता आणि मधून मधून "हो आये" म्हणत होता.

पिल्लाचं राहिलं. त्याला जशी खरी पिसं फुटत गेली तसा रंग कमी होत गेला, आणि मधल्या काळात काळीचं चोच मारणंही कमी होत गेलं. नेमक्या कुठल्या दिवशी तिनं त्याला पंखाखाली घेतलं ते कुणी बघितलं नाही. एका सकाळी क्रेट रिकामा होता आणि काळीमागे आठ पिल्लं चालली होती. त्यातलं ते कोणतं, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. बाय मात्र "यो बघा तो!" म्हणून खात्रीनं दाखवायच्या आणि दर वेळी वेगळं पिल्लू दाखवायच्या.

करंजाड्याला आल्यावर येणंजाणं कमी झालं, फोन राहिले. सुनंदाचा आणि बायंचा फोन कधीही नेमक्या विषयावर नसे. बायंचे गुडघे गेले होते, त्यांना जिना बंद झाला होता, पण आवाज पूर्वीसारखाच दणदणीत होता. फोन कानापासून हातभर लांब धरावा लागे.

मध्ये वर्षं गेली. सई कॉलेजात गेली. एका रविवारी जेवताना तिनं आम्हाला सांगितलं की ती मासे खाते. बरेच दिवस झाले, मैत्रिणींच्या घरी खाते, तिला आवडतात, आणि लपवायचा कंटाळा आला म्हणून सांगतेय. आमच्या दोन्ही घरांत, सुनंदाच्या माहेरी आणि सासरी, माझ्या माहितीप्रमाणे आजपर्यंत असं कुणी केलेलं नव्हतं. सुनंदा घास हातात धरून बसली.  मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. पुढचे काही दिवस ती सईशी कामापुरतं बोलत होती आणि सई उशिरा घरी येत होती. उशीर झाला की सुनंदा गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहायची. ती आली की आत निघून जायची. मी हे बघत होतो. 

एका दुपारी मी घरी होतो. सुनंदानं फोन लावला.

"बाय, बोंबील कसे करतात हो?"

पलीकडे हातातलं भांडं खणकन खाली ठेवलं गेलं. मग बायंचा आवाज साऱ्या हॉलभर आला. "कोनासाठी? तुज्या घरी?"

"सईसाठी."

"तू करनार?"

"मी नाही तर कोण करणार? नवीन तवा आणलाय. पण मला त्यांना हात लावायचा धीर होत नाही. धुतात कसे तेसुद्धा माहीत नाही."

"नको लावू हात," बाय म्हणाल्या. "तू तवा तापत ठेव. बाकीचा मी बघते."

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात हरेश उभा होता, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. हातात स्टीलचा मोठा डबा होता आणि तो त्यानं शरीरापासून जितका लांब धरता येईल तितका लांब धरला होता. नाक त्यानं खांद्याकडे वळवलं होतं. बोनकोड्यापासून करंजाड्यापर्यंत तो मोटारसायकलवर हा डबा घेऊन आला होता.

"धरा काका लवकर," तो म्हणाला. "आयनी साफ करून, मसाला लावून दिलेत. बोलली, दुसऱ्या कुनाच्या हाती देऊ नको, सांडतील."

मी डबा घेतला. सुनंदा बाहेर आली, तिनं एकदा डब्याकडे आणि एकदा हरेशकडे बघितलं. आतून सई आली आणि वासावरूनच तिला सगळं कळलं. ती आईकडे बघत उभी राहिली. सुनंदा म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस? तवा तापलाय. मला जमणार नाही, तू टाक. मी शेजारी उभी राहते."

हरेश दारातच चपला न काढता उभा होता. मी त्याला आत बोलावलं.

"येतो," तो म्हणाला. "पयला बाथरूम कुटं हाय ते सांगा. आंघोळ करतो. मग काकी, मला पन वाढा. पिठलं असलं तरी चालंल."